'व्हय महाराजा' आणि आमची लिहिण्याची कंपनी

गेल्या वर्षभरात तुमच्या नावाने गेलेला कुठलाही एक कागद आठवा. नुकसानभरपाईचा अर्ज असेल, पंचायतीला दिलेली हरकत असेल, मुलीच्या शाळेला पाठवलेली विनंती असेल. त्यावर सही करण्याआधी तो तुम्ही शेवटच्या ओळीपर्यंत वाचला होता का?

विचारते, कारण माझी शीतकडी, म्हणजे रोजचा भात-आमटी, सध्या या प्रश्नावर अवलंबून आहे. डिचोलीच्या बाजारात एका भांड्यांच्या दुकानाच्या माडीवर आमची कंपनी आहे. कंपनी म्हणजे मी आणि माझा कॉलेजातला एक मित्र. त्याचे वडील कोल्हापूर जिल्ह्यातून इथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला आले आणि इथलेच झाले. त्याची भाषा मात्र अजून तिकडचीच आहे. आम्ही दोघांनी एक सॉफ्टवेअर केलं. माणसाने फोनवर आपल्या बोलीत बोलायचं, अर्धं मराठी, अर्धं कोंकणी, मध्ये एखादी शिवी आली तरी हरकत नाही. त्यातून ते नीट अर्ज, पत्र किंवा पत्रक लिहून देतं. आमच्याआधी हे काम तालुक्यात कुणी केलं नव्हतं. पहिलं वर्ष बरं गेलं. मग सगळ्या जगाला फुकट लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची मोठी मॉडेल्स लोकांच्या फोनमध्ये येऊन बसली, आणि आमच्या जिन्यावरची पावलं कमी होत गेली.

मित्र एकदा चहा ओतता ओतता म्हणाला, "आपण खानावळ काढली गं, आन् शेजारी अन्नछत्र सुरू झालं. त्यात तांदूळ बी आपण त्यांच्याच गोदामातनं आणतोय."

ते खरं होतं. आमचं सॉफ्टवेअर आतून भाड्याच्या मोठ्या मॉडेलवरच चालतं. स्वतःचं मॉडेल घडवायचं तर जी यंत्रं लागतात ती ठेवायला भांडेवाल्याची माडी पुरणार नाही, आणि तिथलं वीजबिल भरायला आम्ही दोघं पुरणार नाही. म्हणून आम्ही त्यावर आपली भर घालत होतो, आणि ती भर एकेक करून गळून पडत होती. आमचं मराठी शुद्ध, असं आम्ही म्हणायचो. त्यांचंही शुद्ध झालं. आमच्याकडे सरकारी अर्जांचे साचे आहेत, असं म्हणू लागलो. तेही त्यांच्याकडे आले. शेवटी म्हटलं, आमच्या लोकांची बोली त्यांना कधी कळायची नाही. एका सकाळी मित्राने फोन पुढे धरला आणि मला म्हणाला, तुझ्या गावच्या बोलीत बोल काहीतरी. मी बोलले. फोनमधल्या मॉडेलला सगळं कळलं नाही, पण जेवढं कळलं तेवढ्याने माझ्या हातातली पोई, आमचा इथला पाव, तशीच राहिली.

पणजीत नव्या उद्योगांच्या एका बैठकीत एका गुंतवणूकदाराने मला सरळ विचारलं होतं, "तुम्ही करता त्यातलं ते उद्या काय करू शकणार नाहीत?" मी विश्वास, स्थानिकता, कार्यपद्धती असं बरंच काही बोलले. तो भला माणूस होता, मान हलवत राहिला. परतीच्या बसमध्ये मला माझाच राग आला. असे शब्द मी कुणाच्या पत्रकात पाहिले असते तर लाल शाईने खोडले असते.

कारण मी पत्रकांवर वाढले आहे. आमचं घर लाटंबार्शाला. बाबा पाळी गावातल्या खाणीवर कामाला जायचे आणि घरी आले की पत्रकं लिहायचे. ट्रकांच्या वेगाबद्दल, विहिरींच्या पाण्याबद्दल, शाळेसमोरच्या धुळीबद्दल. जेवणाच्या मेजावर ताटांच्या आधी पत्रकांचे गठ्ठे यायचे. आई म्हणायची, "आमच्या घरात भाताआधी निषेध वाढतात." अक्षरं मी त्या कागदांवर शिकले. बाबांचा नियम एकच होता. मजकूर झाला की ते तो आम्हाला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि प्रत्येक ओळीला थांबून विचारायचे, "ही ओळ ज्याच्याबद्दल आहे तो चौकात समोर उभा राहिला, तर त्याच्या तोंडावर म्हणू शकू?" नाही म्हटलं की ओळ गेली. उरलेल्या मजकुराखाली ते स्वतःचं नाव घालायचे. त्या नावाची किंमत त्यांनी मोजली, पण ती गोष्ट वेगळी.

तर आमच्याकडे शेवटी एकच मोठं गिऱ्हाईक उरलं होतं. आमच्या भागातल्या बागायतदारांची एक सोसायटी. गवे बागेत शिरले, माकडांनी केळी नासली, वाऱ्याने पोफळी मोडल्या, की सभासदांना सरकारी खात्याकडे नुकसानीचा अर्ज करावा लागतो. ते अर्ज आमच्याकडून व्हायचे. गणेशचवथीच्या आधीच्या सभेत आमचा करार पुढे चालू ठेवायचा की नाही ते ठरणार होतं. आणि मित्राला पुण्याहून नोकरीचं बोलावणं आलं होतं. त्याची बहीण शिकते आहे, वडील निवृत्तीला आले आहेत. त्याने मला काही लपवलं नाही. म्हणाला, "सोसायटी राहिली तर मी राहतो. गेली तर मला जाऊ दे. रागवू नकोस." मी रागावले नाही. रागावण्यासारखं त्यात काही नव्हतं, आणि त्याचीच जास्त भीती वाटली.

माझा चेहरा पाहून आईने परस्पर ठरवलं की देवळात गाऱ्हाणं घालायचं. मी देवळात जाते ती आईसाठी. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे गावचा मानकरी देवासमोर उभा राहून एखाद्याची अडचण वाक्यावाक्याने सांगतो, आणि जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला 'व्हय महाराजा' म्हणतात. आमच्या गावात हा मान ज्यांच्याकडे आहे तेच सोसायटीचे अध्यक्ष. वयाने बाबांपेक्षा मोठे, आवाज असा की घंटेची गरज पडत नाही. मी त्यांना काका म्हणते.

काकांनी नारळ ठेवला आणि सुरू केलं. "बा देवा महाराजा, ह्या तुझ्या लेकरान जो लिहिण्याचो धंदो मांडला, ताका बरकत दी."

"व्हय महाराजा."

"कोणाची नजर लागली आसत, वाटेत कोण आडवो इलो आसत, तर ताका बाजूक सार."

"व्हय महाराजा."

"आणि हिचा लगीन ह्याच वर्सा जुळवून हाड."

"व्हय महाराजा," सगळे म्हणाले. मीही म्हणाले. मित्र खांबाआड तोंड लपवून हसत होता तेव्हा मला कळलं मी कशाला होकार दिला ते. डिचोलीपर्यंत बाइकवर तो मला तेच ऐकवत आला. "देवासमोर कबूल केलंस, आता सुटका न्हाई."

चेष्टा चालू होती आणि माझ्या डोक्यात दुसरंच फिरत होतं. गाऱ्हाण्यात एक वाक्य येतं आणि थांबतं. माणसांच्या श्वासाइतकी जागा ठेवतं. ज्याची अडचण आहे त्याला ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकू येते, आणि त्याने होकार दिल्याशिवाय पुढचं वाक्य येत नाही. फोनमधलं मॉडेल पापणी लवते तोवर पानभर मजकूर ओततं. तो वाचतं कोण? लोक वरच्या दोन ओळी बघतात, भारी लिहिलंय म्हणतात आणि पाठवून देतात. मी मित्राला म्हटलं, आपलं यंत्र एक वाक्य लिहील, मोठ्याने वाचेल आणि थांबेल. माणूस हो म्हणाला तरच पुढचं वाक्य.

"म्हंजे देवाचं काम आता आपण सबस्क्रिप्शनवर देणार," तो म्हणाला. पण त्याचे डोळे चमकले होते. त्याने ते करूनही टाकलं.

आम्ही ते आईच्या भजनी मंडळातल्या बायकांना दाखवलं, त्याच्या वडिलांना दाखवलं, खालच्या भांडेवाल्याला दाखवलं. सगळे ऐकायचे, हो म्हणायचे, खूश व्हायचे. मित्र म्हणाला, "एक बी माणूस कुठं अडकला न्हाई बघ. गुळगुळीत." मला मात्र स्वयंपाक करून वाढल्यावर कुणीच मीठ मागू नये तसं काहीतरी वाटत राहिलं. पंगतीत कुणीच काही मागत नाही तेव्हा एक तर सगळं जमलेलं असतं, नाही तर लोकांनी चवच घेतलेली नसते. सभा तोंडावर होती. मी त्या वाटण्याला म्हटलं, गप्प बस.

सभेला सोसायटीची खोली भरली होती. कोपऱ्यात ओल्या छत्र्या, मागे पावभाजीचा वास, पुढच्या खुर्चीत अध्यक्ष काका. बाबाही सभासद आहेत, ते मागच्या बाकावर बसले होते. आमच्याआधी एक तरुण बागायतदार उभा राहिला. त्याच्या केळी गव्यांनी तुडवल्या होत्या आणि त्याने फुकटच्या मॉडेलकडून अर्ज लिहून घेतला होता. तो फोनवरून वाचू लागला. मानव आणि वन्यजीव यांचं सहजीवन, जैवविविधतेचा समतोल, ग्रामीण अर्थव्यवस्थेचा कणा. पहिला परिच्छेद संपायच्या आत टाळ्या पडल्या. पुढचं त्याने वाचलंच नाही, फोन वर धरून दाखवला. "असं पानभर आहे."

काका माझ्याकडे वळले. "आयकलें मगो बाय? फुकट मेळता तें विकत कित्याक घेवचें?"

मी म्हटलं, "काका, तुम्हीच करून बघा. तुमच्याही बागेत गवे आले होते ना?"

ते उठून पुढे आले. सगळे हसले, कारण काका बोलायला उभे राहिले की गाऱ्हाणंच असतं. त्यांनी फोनसमोर आपली हकीकत सांगितली, थोडी घाईत. गवे आले, पोफळीची रोपं मोडली, कुंपण पाडलं, भरपाई मिळावी. यंत्राने पहिलं वाक्य वाचलं आणि थांबलं. काकांनी खोलीकडे बघत म्हटलं, "व्हय." खोली म्हणाली, "व्हय महाराजा." हशा. दुसरं वाक्य. "व्हय महाराजा." म्हातारे सरसावून बसले, ज्यांना झोप आली होती ते जागे झाले. फुकटच्या अर्जाला टाळ्या मिळाल्या होत्या. आमच्या अर्जात अख्खी सभा सामील झाली होती. मित्राने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दाबला.

मग शेवटचं वाक्य आलं. यंत्राने त्याच शांत, आदबशीर आवाजात वाचलं, "खाते जो निर्णय घेईल तो मला मान्य असेल व त्याबाबत माझी यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही."

"व्हय," काका म्हणाले.

"व्हय महाराजा," सगळी खोली म्हणाली. मागच्या बाकावरून बाबांचा आवाजही त्यात होता. तो मी हजार आवाजांत ओळखते.

टाळ्या झाल्या. काका म्हणाले, "देवाक कळटा तशें हाका कळटा." सचिव ठरावाचा कागद पुढे ओढू लागले. मित्राच्या चेहऱ्यावर मी कित्येक महिन्यांनी तसं हसू पाहत होते. ते वाक्य काकांनी सांगितलेलं नव्हतं. आतल्या मॉडेलने ते नम्रपणाने जोडलं होतं, पत्राचा शेवट गोड व्हावा म्हणून. आणि आम्ही जो पहारा उभा केला होता त्याने त्याला सलाम ठोकून आत सोडलं होतं.

गप्प राहणं किती सोपं होतं ते मी आजही विसरलेले नाही. ठराव झाला असता, मित्र राहिला असता, ती ओळ मी संध्याकाळी माडीवर बसून काढून टाकली असती. कुणाला कळलंही नसतं. पण पुढच्या अर्जात दुसरी ओळ आली असती, आणि तिलाही सगळे व्हय म्हणाले असते.  मित्राकडे न बघता मी उभी राहिले.

"काका, थांबा. तुम्ही आत्ता कशाला हो म्हणालात?"

"अर्जाक," ते म्हणाले.

"शेवटची ओळ काय होती?"

"आसतली नमस्कार-बिमस्कार."

मी ती ओळ परत लावली.  काकांनी ती पुन्हा एकदा लावायला सांगितली. मग हे लिहिलं कुणी ते विचारलं, "हें कोणें बरयलें?"

"आमच्या यंत्राने. पण व्हय तुम्ही म्हटलंत."

"अगो, गाऱ्हाण्यांत मदीं कोण ना म्हणटा?" त्यांचा आवाज चढला. "जल्मभर आमी देवाफुडें व्हय म्हणत आयलांव. ना म्हणपाक आमकां कोणें शिकयलां?"

मी बाबांकडे पाहिलं. चौकात तोंडावर म्हणू शकू का, असं ओळीओळीला विचारणारा माणूस खाली मान घालून चष्मा पुसत होता.

चूक त्यांची नव्हती. गाऱ्हाण्यात व्हय म्हणणं म्हणजे मी तुझ्यासोबत उभा आहे असं सांगणं. तिथे वाक्य तपासायचं नसतं, माणसाला आधार द्यायचा असतो. आम्ही ती पद्धत उचलली आणि जिथे नाही म्हणायला हवं तिथे आणून बसवली. आमच्या लोकांकडून होकार काढून घ्यायचा याहून सोपा मार्ग कुठल्या लबाडालाही सुचला नसता.

तरुण बागायतदाराने संधी साधली. "आमच्या फुकटच्याने तक्रार तरी सोडली नाही."

"मग तुझंही शेवटपर्यंत वाच," मी म्हटलं.

त्याने फोन उचलला आणि वाचू लागला. तिसऱ्या परिच्छेदात आलं, "मी गेली अनेक वर्षे पूर्णतः सेंद्रिय पद्धतीने केळीची लागवड करीत असून..." तो तिथेच थबकला. मागून त्याच्या काकीचा आवाज आला. "सेंद्रिय? मग पडवीत युरियाची पोती कोणाची रे, गव्यांनी आणून ठेवली?"

हसण्याने छत्र्या पडल्या. काकाही हसले, मग बोट नाचवत म्हणाले, "म्हणजे दोनूय यंत्रां फटकिरीं. एक फुकट फट मारता, एक विकत." खोटं बोलणाऱ्याला आमच्याकडे फटकिरो म्हणतात. मित्राने डोळे मिटून घेतले होते. सचिवांनी ठरावाचा कागद परत मागे सारला. तो सरकण्याचा आवाज मला ऐकू आला.

पण काकांच्या मनातून ती ओळ जात नव्हती. ते बसले आणि पुन्हा उठले. "मान्य कित्याक आसतलें? गेल्या फावटी तुमचो मनीस आयलो तो गाडयेंतल्यान सकयल देंवलो सुद्दां ना. काच देंवयली, व्हडलीं झाडां उबीं आसात म्हणून बरयलें आनी गेलो. रोपां खंय आशिल्लीं? वयर, व्हाळाच्या कुशीक. थंय तो पावलोच ना." गेल्या वेळी खात्याचा माणूस गाडीतून खालीच उतरला नव्हता, काच खाली करून मोठी झाडं उभी आहेत एवढं लिहून गेला होता, वर ओहोळाकडेच्या रोपांपर्यंत पोचलाच नव्हता. काका फोनला बोलत होते. फोनला, खात्याला, त्या गाडीतल्या माणसाला. शेजारचा बागायतदार म्हणाला, माझ्याकडेही तेच झालं. त्या काकी म्हणाल्या, आम्ही कुंपणाच्या तारेवर अडकलेले गव्याचे केस जपून ठेवलेत. आधीच्या हकिकतीत यातलं काहीच नव्हतं. घाईत सांगितलेल्या गोष्टीत भरपाई होती. रागात सांगितलेल्या गोष्टीत ओहोळ होता, कुशीचा चढ होता, न उतरलेला माणूस होता.

मागून बाबा म्हणाले, "आता हे लिहा."

मी मित्राच्या कानात सांगितलं, यंत्राला वाचून दाखवायला लावू नकोस, वाद घालायला लाव. खात्यातला टेबलामागचा माणूस कर याला, विश्वास न ठेवणारा. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की हिने आधीच घर पाडलं, आता पायाही खणते आहे. पण बोटं चालली. थोड्या वेळाने यंत्राने काकांना विचारलं, "रोपे गव्यांनीच मोडली हे कशावरून? मोकाट गुरे असू शकतात."

काका खुर्चीतून निम्मे उठले. "गुरां? गुरां माझ्या माथ्यावयलीं पानां मोडटात? ये, तुका खूर दाखयतां, अजून चिखलांत आसात."

"खुरांचे ठसे आहेत, असे लिहावे का?"

"बरय. आनी पयलीं मनीस गाडयेंतल्यान सकयल देंवूंक जाय म्हणून बरय."

तो अर्ज रांगडा झाला. त्यात जैवविविधता नव्हती. त्यात एकही ओळ अशी नव्हती जी काका चौकात कुणाच्या तोंडावर म्हणाले नसते. त्यांनी तो खाली बसून, ओठ हलवत, स्वतः वाचला आणि एका ठिकाणी थांबून म्हणाले, "ना. कुंपण पडूंक ना, वांकलां. वांकलां बरय." मी कित्येक दिवस त्या एका 'ना'ची वाट बघत होते.

करार झाला नाही. मोडलाही नाही. सभेने ठरवलं की येत्या उन्हाळ्यात काजूचा हंगाम संपेपर्यंत बघायचं, अर्ज कसे जातात, पाहणीला कोण येतं, मग ठरवायचं. जाताना काका म्हणाले, "भर सभेंत माझें नाक कापलें गो तुवें." ते रागावले होते की नाही मला अजून कळलेलं नाही.

माडीवर परत आल्यावर मित्राने लॅपटॉप उघडला आणि परत मिटला. मग म्हणाला, "उद्या ते बी भांडाय शिकेल. एक बटण देतील, माझ्याशी वाद घाल म्हणून."

"देतील," मी म्हटलं. "पण त्याला सगळ्या जगाला खूश ठेवायचंय. आपल्याला एका तालुक्याला नाराज करायची सवड आहे."

"आन् सभेत उभं राहून थांबा कोण म्हणणार? ते तू म्हणालीस, सॉफ्टवेअर न्हाई."

"तेच तर आपण विकतोय. लिहिलेल्याच्या बाजूला उभं राहणारं माणूस."

"मग आपलं प्रॉडक्ट तू आहेस. तुझ्या प्रती कशा काढायच्या? पेडण्याला कोण जाणार, सत्तरीला कोण?" तो चिडून विचारत नव्हता. खरंच विचारत होता. आता पेडण्यातल्या एका बचत गटातल्या दोघीजणी आमच्याकडे हे काम शिकायला येतात. त्या यंत्राशी मनापासून भांडतात. तेवढंच आहे.

दुसऱ्या दिवशी त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला. पुण्याला पाठवायचं होकाराचं पत्र होतं. छान इंग्रजी, फुकटच्या मॉडेलने लिहिलेलं. म्हणाला, एकदा बघ, चूक-बीक असेल तर. मी मोठ्याने वाचायला सुरुवात केली, मराठीत सांगत सांगत. "या संधीबद्दल मी अत्यंत उत्साही आहे." आणि थांबले. पोदेराकडची, म्हणजे पाववाल्याकडची पोई आणि चहा मध्ये गार होत होते.

"आहेस?" मी विचारलं.

"तसं लिहायचं असतं गं."

"समज, मी पुण्यातली साहेबीण आहे. तू उत्साही आहेस कशावरून? तुझी कंपनी बुडते आहे म्हणून येतोयस."

"बुडत न्हाई," तो पटकन म्हणाला. मग स्वतःचंच वाक्य ऐकून त्याने चहाचा कप बाजूला सारला. जनेलातून बाजाराकडे बघत राहिला. खाली माटोळीचं सामान, गणपतीच्या वर टांगायची फळं-पानं, विकायला बसलेल्या बायकांचा गलका चालू होता. त्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला, सगळं खोडलं आणि आपल्या तोडक्यामोडक्या इंग्रजीत दोन-चार ओळी स्वतः टाइप केल्या. काय लिहिलं ते मला वाचून दाखवलं. त्याला यायचं आहे की नाही हे त्याला अजून माहीत नाही, काजूच्या हंगामापर्यंत थांबता येईल का, थांबता येत नसेल तर तसं कळवा. मी एकाही ओळीला नाही म्हणू शकले नाही.

पुण्याहून अजून उत्तर आलेलं नाही. काकांच्या बागेची पाहणीही अजून झालेली नाही. गाडी येईल तेव्हा माणूस खाली उतरतो का ते पाहायला मी जाणार आहे. जिन्यावर पाऊल वाजलं की आम्ही दोघंही अजून दचकून वर बघतो.

तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. आमचं सॉफ्टवेअर घ्या असं म्हणत नाही. पुढचा कागद तुम्हाला कुणीही लिहून दिलेला असो, यंत्राने, वकिलाने, भाच्याने किंवा आम्ही, त्यावर सही करण्याआधी तो घरातल्या सगळ्यात भांडखोर माणसाच्या हातात द्या. त्याला तो मोठ्याने, ओळीओळीला थांबत वाचू द्या, आणि प्रत्येक ओळीला 'कशावरून?' असं विचारू द्या. तुम्ही व्हय म्हणायची घाई करू नका. जिथे तुमच्या तोंडून 'ना' निघेल, ती ओळ खोडा आणि तुमच्या बोलीत, तुमच्या हाताने पुन्हा लिहा. मग खाली नाव घाला.